लाटांची फरशी

खोली दाखवता दाखवता ते एकदम खाली बसले, दोन्ही हात टेकले आणि माझ्यादेखत त्यांनी फरशी चाटली.

मी सोलापूरची. नळदुर्गच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच आले होते. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. उर्दूच्या जागी मराठी आली होती आणि शाळांना माझ्यासारख्यांची गरज पडत होती. माझ्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि आईनं दिलेली शेंगाचटणीची बरणी. खोली बघायला आलेल्या एकट्या बाईसमोर पन्नाशीचा, दाढी नीट कातरलेला, शेरवानीतला माणूस गुडघ्यांवर बसून दगडाला जीभ लावतो, हे बघून मी दाराकडं सरकले. ट्रंक उचलावी आणि मिळेल त्या बसनं परत जावं, असं मनात आलं.

"आता बघा बाई," ते ओठ पुसत म्हणाले, "ओली केली की फरशी बोलती. सुकी असली की गप बसती."

मागं दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या म्हणाल्या, "घाबरू नका बेटा. नवीन माणूस आलं की चाटतातच. चहा घेता ना?"

मी राहिले ती या चाचींमुळं. फरशीमुळं तर मुळीच नाही. तशी फरशी मी आधी कुठं पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. दगड शहाबादीच, सोलापुरात घरोघरी असतो तो. पण लोक गुळगुळीत बाजू वर ठेवतात. यांनी खडबडीत बाजू वर ठेवली होती. साऱ्या घरभर बोटभर उंचीच्या वळ्या उठलेल्या. नदीचं पाणी ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा. माझ्या खोलीत वळ्या नव्हत्या, भेगा होत्या. उन्हाळ्यात तळं आटून चिखल तडकावा तशी प्रत्येक फरशी तडकलेली, आणि ते सगळं दगडात. खाटेचे चार पाय चार उंचीवर होते. केर काढायला बसलं की भेगांतली धूळ निघता निघत नसे. मी टापटिपीची बाई. पहिल्या आठवड्यात मला रडू आलं होतं, हे आज सांगायला हरकत नाही.

गावात त्यांना दर्यासाहेब म्हणत. पाठीमागं हसून, समोर अदबीनं. निजामाच्या अमदानीत शहाबादकडच्या एका खाणीवर ते देखरेखीला होते. तिथं तरुणपणी एक भूगर्भशास्त्राचे साहेब हैदराबादहून आले, दोन दिवस खाणीत उतरून बसले आणि यांना सांगून गेले की हा सगळा समुद्राचा तळ आहे. चुन्याचा गाळ थरावर थर बसत गेला आणि त्याचा दगड झाला. साहेब गेले. हे मात्र त्या दोन दिवसांतून कधी बाहेरच आले नाहीत.

खाण जशी खोल जाई, तशी ते प्रत्येक नव्या थराची पुरेशी फरशी उचलून घेत, बैलगाडीनं घरी आणत आणि एका थराची एक ओळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, स्वतः बसवत. सगळ्यात वरचे थर आधी निघाले, ते रस्त्याकडच्या खोलीत, म्हणजे माझ्या. मग बैठक, मग माजघर आणि सगळ्यात खोल थर मागं स्वयंपाकघरात. खाण खाली जात राहिली आणि फरशी मागं सरकत राहिली. स्वयंपाकघरापर्यंत ती पोचायला इतकी वर्षं लागली की त्यांची मुलगी रशीदा तोवर सारवलेल्या जमिनीवर रांगली, चालायला लागली आणि शाळेत जाऊ लागली.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, खाण बंद पडली आणि पाण्यानं भरली. "आता ते थर कुणालाच दिसणार न्हाईत," ते म्हणायचे. "ह्या घरात आहेत तेवढेच."

घरी आलेल्या प्रत्येकाला ते चपला काढायला लावून स्वयंपाकघरातून चालवत आणत. मला तर आठवड्यातून एकदा. काळ्या ओळींवर उभं करायचे, दोन तुकडे एकमेकांवर घासायचे आणि माझ्या नाकाशी धरायचे. कुजका वास यायचा. "इथं दर्याचा दम कोंडला होता बाई. तळाच्या पाण्यात हवाच न्हवती. जे मेलं ते सडत पडलं, म्हणून काळा." मग करड्या ओळी. तिथं खिशातलं लिंबू निघायचं. त्यांच्या शेरवानीच्या खिशात कायम अर्धं लिंबू असे आणि खिसा कायम डागाळलेला. रस पिळला की काही ओळींवर बारीक फेस यायचा, काहींवर जेमतेम. "फेस आला तिथं चुना जास्त, पाणी निर्मळ. इथं बघा, नावालाच फेस. म्हणजे नद्यांनी चिखल आणला. त्या काळात पाऊस लई झाला असणार." मग बैठकीतल्या गुलाबी, जांभळट ओळी. "इथं पाण्याला हवा मिळाली. पाण्यातल्या लोखंडाला गंज चढला, त्याची ही लाली." आणि शेवटी माझी खोली. "इथं दर्या गेला."

"आणि शंखशिंपले कुठं आहेत?" मी एकदा खोचकपणे विचारलं. त्यांनी कीव आल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

"शिंपला करणारा जीवच तवा पैदा झाला न्हवता, बाई."

त्या दिवशी मात्र मला धक्का बसला तो खरा. जिथं मी खाट टाकून निजत होते, तिथं शिंपल्याच्याही आधीचं ऊन पडलं होतं. दोन दिवस मी खोलीत पाय जपून टाकला. मग विसरले.

लिंबू घेऊन ते कुठंही जात. कचेरीत कामाला गेले की आधी फरशी तपासायचे, मग अर्ज द्यायचे. एका शिपायानं त्यांना थुंकल्याच्या संशयावरून हाताला धरून बाहेर काढलं होतं. मशिदीत ते दर जुम्म्याला जागा बदलून बसत. सजद्यात ते इतका वेळ राहत की नवी पोरं त्यांच्याकडं बघून माना डोलवायची. "खुदा माफ करे," त्यांनीच एकदा मला कबूल केलं, "डोकं टेकलं की दगड डोळ्याजवळ येतो." आणि सगळ्यावर त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: "माणूस खोटं बोलतो. पाणी खोटं बोलत न्हाई."

मी त्यांना म्हटलं होतं, हे सगळं एका वहीत लिहून ठेवा. त्यांना ते पटेना. "लिवायचं कशाला? लावलंय की." त्यांच्या मते घर हीच वही होती आणि घर कुठं पळून जात नव्हतं.

रशीदाचं लग्न ठरायला वेळ लागला. मुलगी शिकलेली, कामाला वाघ, दिसायला चारचौघींत उठून दिसणारी. शेवटी परांड्याचं एक चांगलं स्थळ आलं. मुलाकडची माणसं बोलणी पक्की करायला आली, बैठकीत दस्तरखान पसरला गेला, मीही वाढायला होते. मुलाच्या वडिलांपुढं रश्शाचा वाडगा ठेवला. तो वळीवर होता. त्यांनी भाकरी मोडली, वाडगा कलंडला आणि सगळा रस्सा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर गेला. त्यांना आधार द्यायला त्यांच्या म्हाताऱ्या बहीण उठल्या, त्यांचा अंगठा वळीला अडकला आणि त्या गुडघ्यावर पडल्या.

दर्यासाहेब धावले. आम्हाला वाटलं, माफी मागतील. ते म्हणाले, "संभाळून, आपाजान. तिथं लाट आहे."

कुणी हसलं नाही. आपाजान निघताना चाचींना एवढंच म्हणाल्या, "निकाहच्या दिवशी आमची सगळी म्हातारी माणसं येणार आहेत. आधी जमीन सरळ करा, मग बोलवा."

चाचींनी पंधरा दिवस नवऱ्याच्या विनवण्या केल्या. निदान बैठकीतली तरी उलटी बसवा. त्यांचा नकार ठाम होता. चिडून नव्हे, समजावून. पोरगी माझी आहे, तिच्यासाठी मांडव घालतो, वाटेल ते करतो, पण हे एकदा उचकटलं की पुन्हा लागत नाही. चाची माझ्या खोलीत येऊन खाटेच्या कडेवर बसल्या. "बाई, तुम्हीच काही करा. ये आदमी को दर्या दिखता, बेटी नहीं दिखती."

निकाहला दहा दिवस असताना ते कपडे आणायला आणि नातेवाइकांना आमंत्रणं द्यायला हैदराबादला निघाले. "येताना एक खुशखबर आणतो," बसमध्ये चढताना ते म्हणाले. आम्ही त्याकडं लक्षही दिलं नाही, कारण बस दिसेनाशी व्हायच्या आत चाचींचं आणि माझं ठरलं होतं. ते परत यायच्या आत घर सरळ करायचं. पाहुण्यांनी वाहवा केली की त्यांचा राग निवेल, असा आमचा हिशेब. मंगलकार्याच्या घरात गल्लीतली माणसं न सांगता हात लावायला येतात, तसे सगळे आले. कुणी गाडाभर वाळू आणून टाकली, कुणी पाणी भरलं. मारुती गवंडी दोन गड्यांना घेऊन आला.

मारुतीनं स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. दोन ओळी उचकटून तो थांबला, कमरेवर हात ठेवून सगळ्या घरभर बघून आला आणि मला म्हणाला, "बाई, मालकानं ह्या ओळीनं लावल्यात. काळ्या, मग करड्या, मग लाल. एकीच्या वळ्या शेजारच्या फरशीच्या वळ्यांस्नी जुळत्यात. म्या खडूनं नंबर टाकू का? मागं लागल्या तर लावता येतील."

या वाक्याला आता तीसहून जास्त वर्षं झाली. मला ते शब्द न् शब्द आठवतं.

मी म्हणाले, "नको. उगाच वेळ जाईल. काळी आणि लाल आलटूनपालटून बसवा, चौकटी छान दिसतील. करड्या सगळ्या मागं घाला."

मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. मला आठवड्यातून एकदा सांगितलेलं होतं. पण मला सपाट जमीन हवी होती, मनापासून हवी होती, आणि मुलीच्या लग्नाचं निमित्त मिळालं होतं. खडूच्या एका कांडीचं काम होतं. मी ते वाचवलं.

फरश्या उलट्या झाल्या. खाली गेलेल्या वळ्यांमुळं त्या डगमगत, म्हणून गड्यांनी टाकीनं त्या वळ्या उडवल्या. चार दिवस घरात टकटक चालली होती आणि उडालेला चुरा घमेल्यांनी बाहेर जात होता. वरून आम्ही बायकांनी सगळं चिंचेच्या कोळानं घासलं. घर असं दिसायला लागलं की मी स्वतःवर खूश झाले. माझी खोली तेवढी राहिली. तिथं वऱ्हाड येणार नव्हतं आणि मारुतीला दुसरं काम होतं. मी म्हटलं, लग्नानंतर बघू.

ते सांगितलेल्या दिवसापेक्षा एक दिवस आधीच आले, भर दुपारी. बरोबर एक पाहुणे होते. चष्मा, खाकी पिशवी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. तीस वर्षांपूर्वी खाणीत उतरलेले साहेब म्हातारे होऊन निवृत्त झाले होते. हे त्यांचे शिष्य, आता तिथल्या कॉलेजात मोठे प्राध्यापक. दर्यासाहेबांनी त्यांना वर्षभर पत्रं लिहिली होती. ओळीओळीनं सगळं घर लिहून कळवलं होतं. ही खुशखबर.

अंगणातच त्यांचा आवाज ऐकू आला. "जूते यहीं निकालिये, साहब. पहिली लाट उंबऱ्यालाच आहे."

मी बैठकीत, माझ्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी होते. चाची पडद्यामागं होत्या. दोघींना पळता येईना.

त्यांनी उंबरा ओलांडला आणि सवयीनं उजवा पाय टाकला. पाय जिथं टेकायचा तिथं टेकला नाही, थोडा खाली गेला. ते तसेच थांबले. मग पायाचा अंगठा फरशीवरून हळूहळू फिरवला, अंधारात वाट चाचपतात तसा. मग खाली बघितलं. काळी, लाल, काळी, लाल. नजर फिरत फिरत पार स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि तिथून परत आली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. जिवंत माणसाचा चेहरा इतका कोरा होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"तो?" प्राध्यापकांनी पिशवी उघडली. "वो फर्श कहाँ है, जिसका आपने लिखा था?"

ते उभे होते तिथून तीन पावलं. माझ्या पाठीमागं दार, दारामागं चार ओळी, भेगा असलेल्या, जशाच्या तशा. मला फक्त बाजूला व्हायचं होतं. पण दार उघडलं की पुढचा प्रश्न बाकीच्या घराचा येणार, आणि त्याचं उत्तर माझं नाव. मी कडी मुठीत धरून उभी राहिले.

दर्यासाहेब म्हणाले, "साहब, मैंने गलत लिखा था."

"मतलब?"

"मतलब ऐसा कोई फर्श था ही नहीं. मेरा वहम था. माफ कर देना." त्यांनी हात जोडले. आयुष्यभर पाणी खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसानं, ज्या एकाच माणसाला ते पटणार होतं त्याच्यासमोर, स्वतःला खोटं ठरवलं. पडद्यामागं चाचींच्या तोंडून एक हुंदका निसटला, तोही त्यांनी खोकून झाकला.

प्राध्यापक भले होते. त्यांनी चहा घेतला, फरशी छान आहे म्हणाले आणि हैदराबादकडं जाणाऱ्या पहिल्या बसला बसले. बसपर्यंत पोचवताना दर्यासाहेब त्यांची पिशवी स्वतः उचलून चालले होते. प्राध्यापकांनी ती दोनदा मागितली, त्यांनी दिली नाही.

निकाह छान झाला. आपाजान काठी न टेकता साऱ्या घरात फिरल्या. मुलाच्या वडिलांनी मांडी घालून दोनदा रस्सा घेतला आणि म्हणाले, "समधीसाब, क्या फर्श बिठाए आप!" दर्यासाहेबांनी मान लववून आदाब केला. रशीदा परांड्याला सुखानं नांदली, तिला मुलं झाली, हे सांगायलाच हवं. ज्यासाठी केलं ते झालं.

मारुतीला मी नंतर गाठलं होतं. परत लावता येईल का? तो म्हणाला, "बाई, वळ्या राहिल्या असत्या तर जोड्या जुळवून लावल्या असत्या. आता करड्या समद्या एकावानी दिसत्यात. कुणाच्या बापाला कळणार न्हाय." त्यात दोष त्याचा नव्हता. त्यानं विचारलं होतं.

त्या दिवसापासून दर्यासाहेब घरात चपला घालून फिरू लागले. लिंबू खिशातून गेलं. मशिदीत मिळेल त्या जागेवर बसून बाकीच्यांबरोबर उठू लागले. गावानं काही दिवस दर्यासाहेब म्हटलं, मग तेही सुटलं. आम्हा दोघींना ते एका शब्दानं कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं चाची अखेरपर्यंत म्हणत.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. प्राध्यापकांना बसवून ते परतले तेव्हा उन्हं कलली होती. मी खोलीत बसले होते. त्यांनी दारावर टकटक केली, चपला बाहेर काढल्या आणि आत आले. त्या घरात अनवाणी पाय टाकायला तेवढीच जागा उरली होती. ते सावकाश खाली बसले आणि तळहात एका भेगेवर ठेवला.

"बाई, तुमच्या चार ओळी राहिल्यात."

मला राहवलं नाही. "मग चाचा, साहेबांना का नाही दाखवल्या? मी इथंच उभी होते."

"चार दाखवल्या असत्या तर बाकीच्या कुठं गेल्या, असं त्यांनी विचारलं असतं. मग मला सांगावं लागलं असतं. घरात परवा निकाह आहे. रशीदाची आई पडद्यामागं होती. तुम्ही दारात होत्या." त्यांनी भेगेतली धूळ बोटानं काढली. "चार ओळींत दर्या गेला, एवढंच दिसतं. तो आला कसा, ते न्हाई दिसत."

मी रडायला लागले. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. दारापाशी गेल्यावर मागं वळले आणि माझ्याकडं बघत राहिले. मला कळलं की आता ते विचारतील. बाई, मी गप्प बसलो ते घरासाठी. तुम्ही तर दाराला पाठ लावून उभ्या होत्या, तुम्ही का सरकला नाहीत? मी उत्तर जुळवू लागले.

"कडी लावून घ्या," ते म्हणाले. "वारं सुटलंय, धूळ येईल." आणि बाहेर जाऊन त्यांनी चपला पायांत घातल्या.

त्या घरात मी आणखी तीन वर्षं राहिले. ते त्यांनी मला कधीच विचारलं नाही.